पोर्ट एल्स्बीचं स्टेशन कसं वाचवलं

पोर्ट एल्स्बीला स्टेशन आहे का, असं मला अजूनही लोक विचारतात. आहे, आणि फार सुंदर आहे. फक्त तिथे गाडी येत नाही. गाडी जिथे येते तिथे स्टेशन नाही, आणि एकाकडून दुसऱ्याकडे जायला कार लागते. पाहुण्यांना हे समजावून सांगता सांगता माझा चहा गार होतो, म्हणून एकदाचं लिहूनच टाकते.

लिहायला निमित्त इथल्या, म्हणजे कॅनडातल्या, आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाचं. संपादकांचा फोन आला, की सेलिनताई, तुमच्या नोकरीवर काहीतरी प्रेरणादायी लिहा. मी वसईची, आमच्याकडे सण नाताळचा. पण दर दिवाळीला मंडळाच्या फराळाच्या स्टॉलवर मीच उभी असते, त्यामुळे नाही म्हणता येईना. कोणाला यातून प्रेरणा मिळालीच तर त्यांनी परस्पर संपादकांना कळवावं. मला ती कुठे सापडलेली नाही.

स्टेशनवर नोकरी म्हटलं की आपल्या लोकांच्या डोळ्यांसमोर पांढरा कोट आणि हिरवा झेंडा येतो. माझ्याकडे यातलं काहीच नव्हतं. माझा हुद्दा स्टेशन अटेंडंट. तिकिटं विकायची, मशीनने कोणाचं कार्ड घेतलं नाही तर मशीनच्या वतीने शिव्या खायच्या, वॉशरूम उघडायची, हिवाळ्यात प्लॅटफॉर्मवरचा बर्फ उपसून तो पुन्हा गोठू नये म्हणून मीठ टाकायचं, व्हीलचेअरवरचा प्रवासी असला की गाडीच्या दाराला रॅम्प लावायचा. गाडी लेट असेल तर ती का लेट आहे हे सांगायचं, आणि ते मला स्वतःला माहीत नसायचं. त्याचंही एक कौशल्य असतं. 'तांत्रिक कारण' हे शब्द खालच्या आवाजात, थोडं दुःखी होऊन म्हणायचे. लोक मान हलवतात आणि जातात.

वसईत मी शाळेत भूगोल शिकवायचे. इथे आल्यावर माझ्या डिग्रीकडे बघून एम्प्लॉयमेंट ऑफिसातल्या मुलाने 'इंटरेस्टिंग' म्हटलं, आणि या देशात कोणी इंटरेस्टिंग म्हटलं की काय समजायचं ते मी त्या दिवशी शिकले. स्टेशनवर मात्र भूगोल कामाला आला. 'लेक ओंटारिओ कुठल्या बाजूला दिसेल' या प्रश्नाचं अचूक उत्तर मी कैक वर्षं दिलं.

आता थोडा इतिहास, कारण पुढचं सगळं इतिहासामुळेच झालं.

हे स्टेशन बांधलं व्हिटकम नावाच्या एका इंग्रज गृहस्थाने. इंग्लंडमधल्या समुद्रकाठच्या कुठल्याशा छोट्या गावातून तो आला, लाकडाच्या धंद्यात गब्बर झाला, आणि मग त्याला गावाची आठवण यायला लागली. आपल्यालाही मॉर्गेज फिटलं की येते तशीच. त्याला सगळ्यात जास्त आठवायचं ते गावचं रेल्वे स्टेशन. तेव्हा त्याने तसंच्या तसं स्टेशन आमच्या सरोवराच्या काठी बांधून घेतलं आणि रेल्वेला बक्षीस दिलं. इथे समुद्र नव्हता, पण लेक ओंटारिओचा पलीकडचा काठ दिसत नाही, वारा आहे, सीगल आहेत. व्हिटकमसाहेबांना तेवढं पुरलं.

तसंच्या तसं म्हणजे अगदी तसंच. त्या इंग्लिश गावात उन्हाळी पाहुणे समुद्र बघायला यायचे, म्हणून वेटिंग रूमच्या मोठ्या खिडक्या समुद्राकडे होत्या. आमच्याकडेही त्या पाण्याकडे ठेवल्या. रुळांच्या बाजूला नुसती भिंत आणि एक काचेचं दार. आत बसलेल्या माणसाला लेक सुरेख दिसायचा, आलेली गाडी दिसायची नाही. प्लॅटफॉर्मवर लाकडी नक्षीची उतरती पडवी, तिथल्या रिमझिम पावसाला साजेशी. इथे तिच्यावर बर्फ साचायचा आणि गाडी आली की त्या हादऱ्याने नेमका चढणाऱ्यांच्या मानेवर पडायचा. व्हिटकमसाहेबांचा पुतळा गावात आहे. त्याच्याही डोक्यावर हिवाळाभर बर्फ असतो, याचं मला समाधान वाटतं.

सुरुवातीला टोरांटोचे लोक उन्हाळ्यात पोहायला यायचे. मग हायवे झाला, लोक कारने आणखी दूरच्या बीचवर जायला लागले, गाड्या इथे थांबेनाशा झाल्या. पुढे टोरांटोत घरं परवडेनाशी झाल्यावर लोकांना एकदम सरोवराकाठचं शांत आयुष्य आवडायला लागलं आणि सकाळ-संध्याकाळच्या कम्युटर गाड्या सुरू झाल्या. मी नोकरीला लागले ती तेव्हा. वेटिंग रूमच्या कोपऱ्यातली पितळी गजांची तिकीट खिडकी, तिच्या मागे मी, समोर ओकची लांब बाकं, खाली खडखडणारा हीटर. त्या बाकांवर अर्धं गाव बसून पेंगायचं. घरच्यापेक्षा तिथे झोप बरी लागते, असं मला कित्येकांनी सांगितलंय.

गिऱ्हाइकंही एकेक होती. एक बाई रोज सकाळी विचारायच्या, गाडी वेळेवर आहे ना. हो म्हटलं की त्यांचा चेहरा पडायचा. ऑफिसला उशिरा जायला त्यांना कारण हवं असायचं. एका गृहस्थांनी तिकिटाचे पैसे परत मागितले, कारण येताना वाटभर डोळ्यांवर ऊन आलं. हरवलेल्या वस्तूंच्या कपाटात ग्लव्हज, छत्र्या, दातांची कवळी हे नेहमीचं. एकदा मात्र गाडीत स्वयंपाकघराचं कोरं स्टीलचं सिंक सापडलं. ते न्यायला कोणीच आलं नाही. सिंक घेऊन माणूस गाडीत बसतो आणि उतरताना ते विसरतो, तेव्हा त्याच्या मनात काय चाललेलं असेल, याचा मी अजून अधूनमधून विचार करते.

बोंद्रे याच गिऱ्हाइकांतले. नागपूरचे, टोरांटोत एका बँकेच्या सॉफ्टवेअरवर काम. पहिल्या भेटीत ते माझ्याशी इंग्रजीत भांडले, की कार्डावर दोनदा पैसे कापले. मग माझा रंग बघून हिंदीत भांडले. शेवटी नावाच्या बिल्ल्याकडे बघून म्हणाले, गोव्याच्या का तुम्ही? मी मराठीत सांगितलं, की पैसे परत यायला आठवडा लागेल आणि मी वसईची. "मराठी आहात अन् मघापासून सांगून नाही राहिल्या?" ते म्हणाले. त्यानंतर ते रोज खिडकीशी थांबायचे आणि गाडी येईपर्यंत स्नो टायर्स, सिटिझनशिपचा अर्ज आणि इथे नीट पिकलेलं संत्रं का मिळत नाही, या विषयांवर बोलायचे. त्यांची मुलगी त्यांच्या प्रत्येक वाक्याला इंग्रजीत उत्तर द्यायची, त्यामुळे मराठीचा साठा माझ्याकडे रिकामा व्हायचा.

तर असं बरं चाललं होतं. मग मिस व्हिटकमना स्टेशन वाचवायचं सुचलं.

मिस व्हिटकम म्हणजे त्या मूळ व्हिटकमसाहेबांची पणती. पियानो शिकवून निवृत्त झालेल्या, ताठ कण्याच्या, कानात मोती, जुनी हिरवी स्टेशन वॅगन स्वतः चालवणाऱ्या. गावच्या वारसा समितीच्या त्या अध्यक्ष. माणूस म्हणून वाईट म्हणता येणार नाहीत. त्या कधी कोणावर आवाज चढवत नसत. न चढवताच सगळं होत असे.

समितीला सरकारी अनुदान मिळालं आणि वेटिंग रूम मूळ रूपात आणायचं ठरलं. पहिल्यांदा हीटर गेला, कारण तो मूळचा नव्हता. मग प्रवासी गेले, कारण त्यांच्या बुटांच्या मिठाने जुनी फरशी खराब होत होती. माझी तिकीट खिडकी ऐतिहासिक ठरली. मी ठरले नाही. मला पार्किंग लॉटच्या कडेला एक केबिन दिली, तिच्यात मी आणि माझा जेवणाचा डबा असे दोघं मावायचो. प्रवाशांसाठी प्लॅटफॉर्मवर पारदर्शक प्लॅस्टिकचा शेल्टर आला. त्यात हीटरचं एक बटण होतं. ते दाबलं की बटणातला दिवा लागायचा.

वेटिंग रूममध्ये पुतळे बसवले. जुन्या गणवेशातला स्टेशनमास्तर, हॅटवाली एक बाई, तिची मुलं, सामान उचलणारा हमाल. फायरप्लेसमध्ये खोटी लाकडं आणि त्यांच्याखाली नारिंगी बल्ब. चिमणी वरून बुजवली. पण ओकचं लाकूड आणि भिंतीवरचे जुने फोटो थंडीने तडकू नयेत म्हणून खोलीचं तापमान वर्षभर एकसारखं ठेवणारं यंत्र लपवून बसवलं, आणि वीज गेली तर पंचाईत नको म्हणून त्याला जनरेटर जोडला. खोली उन्हाळ्यातल्या रविवारी दुपारी बघायला उघडी. एरवी कुलूप.

मी एकदा मिस व्हिटकमना विचारलं, हिवाळ्यात लोकांनी थांबायचं कुठे? त्यांनी माझ्याकडे अगदी मायेने पाहिलं.

"सेलिन," त्या म्हणाल्या, "प्रवासी काय, रोजच असतात."

ते वादळ जानेवारीतलं. दुपारपासून सरोवरावरून बर्फ आडवा यायला लागला. ऑफिसं लवकर सुटली होती, त्यामुळे टोरांटोहून आलेली गाडी भरलेली होती. ती आमच्या प्लॅटफॉर्मला लागली आणि तिथेच राहिली. पुढे रुळांवर झाड पडलं होतं. थोड्या वेळाने गावाची वीज गेली. मग इंजिनात काहीतरी बिघडलं आणि डब्यांतलं हीटिंग बंद पडलं. कंडक्टर मुलगी माझ्या केबिनशी आली. तिच्या पापण्यांवर बर्फ होता. डबे गार पडायला लागलेत, माणसं कुठे नेऊ, असं तिने विचारलं. बाहेर उणे वीसच्या खाली होतं. पोलिसांनी रस्ते बंद केले होते, आणि पार्किंग लॉटमधल्या कार नुसते पांढरे उंचवटे झाल्या होत्या.

सगळं पोर्ट एल्स्बी काळोखात असताना एकच जागा लखलखत होती. जनरेटर आपोआप सुरू झाला होता. दाराच्या काचेतून पिवळा उजेड प्लॅटफॉर्मवर पडला होता. आत हॅटवाली बाई, मुलं आणि स्टेशनमास्तर उबेत बसले होते. बाहेर काचेला नाक लावून जिवंत माणसं उभी होती. कोणी आरडाओरडा केला नाही. हा कॅनडा आहे. लोक रांगेत उभे राहून पुतळ्यांकडे बघत होते.

त्या रांगेत मिसेस कोवाल होत्या. सस्काटूनहून लेकीकडे आलेल्या आजी, नाकात ऑक्सिजनची नळी, खांद्याला ते चालवणारं छोटं मशीन. लेकीने मला बाजूला घेऊन सांगितलं, की बॅटरी संपत आली आहे, कुठे प्लग मिळाला तर बरं होईल. 'बरं होईल' हे तिने सवयीने म्हटलं. तिच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं. अँब्युलन्सला फोन केला. ते म्हणाले, रस्त्यावरचा बर्फ लोटणारा प्लाव पुढे गेल्याशिवाय आम्हाला निघता येणार नाही.

मी मिस व्हिटकमना फोन लावला. सगळं सांगितलं, गाडी, थंडी, आजी, बॅटरी. त्यांनी मध्ये न बोलता ऐकून घेतलं, आणि त्यांना खरंच वाईट वाटलं, हे मी आजही शपथेवर सांगेन. मग त्या म्हणाल्या, की किल्ली त्यांच्याकडे आहे पण रस्ता बंद आहे. शिवाय विम्याच्या अटीप्रमाणे खोलीच्या वापराला समितीची लेखी परवानगी लागते, आणि चिटणीस सध्या फ्लोरिडात आहेत.

"मिस व्हिटकम, ती बाई गुदमरेल," मी म्हटलं.

"नियम मी केलेला नाही, सेलिन. आणि एकदा ती अशी उघडली, की मग ती वेटिंग रूमच होऊन बसेल." मी मनाने तुमच्याबरोबर आहे, असंही त्या म्हणाल्या. त्यांच्या घरातली फायरप्लेस खरी होती, त्यामुळे मन उबदार असणार.

मी फोन ठेवला तेव्हा बोंद्रे शेजारीच उभे होते. ते इथलेच, पण त्यांची कार बर्फाखाली होती. त्यांनी काचेतून आत पाहिलं.

"ताई, आत पुतळेच आहेत ना सारे? मग कोणासाठी गरम करून राहिले हे लोक?"

उत्तराची वाट न बघता त्यांनी माझ्या केबिनमधला लोखंडी फावडं आणलं आणि दारासमोर पाय रोवून उभे राहिले. तेवढ्यात मला त्यांचा अर्ज आठवला. परीक्षा पास झाले होते, शपथविधीची तारीख यायची बाकी होती. इतकी वर्षं कर भरून, राणीनंतर राजाचं नाव पाठ करून, शेवटी पोलिस केस. मी फावडं त्यांच्या हातातून काढून घेतलं.

"बोंद्रे, बाजूला व्हा. फोडायचीच तर सिटिझनने फोडावी."

दाराची काच जुनी दिसावी म्हणून मुद्दाम लहरी पाडून इंग्लंडहून करवून आणली होती. एका घावात फुटली. हात आत घालून मी कुलपाची आतली खिटी काढली.

पुढच्या काही मिनिटांचं मला फारसं आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की मी स्टेशनमास्तरच्या पुतळ्याला उचलून बाजूला ठेवलं, त्याच्या मागे प्लग होता, कोवाल आजींच्या लेकीला गारठलेल्या बोटांनी पिन लावता येईना, म्हणून मी लावली, आणि मशीनवरचा लाल दिवा हिरवा झाला. आजींच्या ओठांचा रंग परत यायला वेळ लागला. मग कोणीतरी नाक शिंकरलं आणि सगळे एकदम बोलायला लागले.

लोक ओकच्या बाकांवर दाटीवाटीने बसले. बोंद्र्यांनी बॅगेतून संत्रा बर्फीचा डबा काढला, ऑफिसातल्या कोणीतरी नागपूरहून आणून त्याच दिवशी दिलेला, आणि लग्नातल्यासारखं रांगेने वाढत सुटले. आजींना थंडी आवरेना, म्हणून मी हॅटवाल्या बाईच्या अंगावरचा लोकरी कोट काढून त्यांना घातला. कोट कोणाचा, असं त्यांनी विचारलं. मी पुतळ्याकडे बोट दाखवलं. त्यांनी पुतळ्याकडे बघून रीतसर मान झुकवली. बऱ्याच वर्षांनी ती खोली भरली होती. माणसं गाडीची वाट बघत होती, आणि खिडक्या पाण्याकडे असल्यामुळे कोणालाच गाडी दिसत नव्हती. मला विचाराल तर ते स्टेशन मूळ रूपात आलं ते त्या संध्याकाळी.

जेवणाची वेळ टळल्यावर प्लाव आला आणि त्याच्या मागे अँब्युलन्स. आजी वाचल्या. पुढच्या आठवड्यात लेकीने माझ्यासाठी टोपलीभर मफिन पाठवले. त्याच आठवड्यात समितीची तक्रारही आली. काच, कोटाचं एक बटण, फरशीवरचे मिठाचे डाग आणि बाकावर सांडलेला एक चिकट नारिंगी पदार्थ.

रेल्वेने मला चौकशी होईपर्यंत घरी बसवलं. घरी बसल्यावर माणसाला आपण सद्गृहस्थ आहोत की गुन्हेगार, हे दिवसातून चारदा नव्याने ठरवावं लागतं. माझे यजमान पॅट्रिक शांत माणूस. ते रोज संध्याकाळी विचारायचे, काही कळलं का. मी नाही म्हणायचे. मग आम्ही हॉकी लावायचो, जी आम्हाला दोघांनाही कळत नाही. माझी पेन्शन जवळ आली होती. ती गेली असती तर बेसमेंट भाड्याने द्यायचा आमचा विचार पक्का झाला होता.

शेवटी गावाने कर्लिंग क्लबच्या हॉलमध्ये सभा घेतली. हॉल भरला. मिस व्हिटकमनी आवाज न चढवता नुकसानीची यादी वाचली. मग बोंद्रे उठले. त्यांनी स्लाइड्स आणल्या होत्या. मला वाटलं, आता हा माणूस घोटाळा करणार. पण त्यांनी पहिल्या स्लाइडवर शेल्टर दाखवला, दुसऱ्यावर वेटिंग रूम, आणि विचारलं की गावाने यातल्या कुठल्या जागेत पुतळे ठेवायला हवेत. लोक हसले, टाळ्या वाजल्या. वादळात अडकलेले चार-पाच जण बोलले. मला वाटायला लागलं, की आपण जिंकलो.

मग रेल्वेचे साहेब उभे राहिले. दोन्ही बाजूंचं म्हणणं त्यांना पटलं होतं. प्रवाशांची गैरसोय खरी आहे, आणि वारशाचं नुकसानही खरं आहे. यातून एकच अर्थ निघतो, की ऐतिहासिक वास्तू आणि प्रवासी यांनी एकत्र असणं दोघांच्याही हिताचं नाही. प्रवासी हलवता येत नाहीत, कारण रूळ इथे आहेत. तेव्हा स्टेशन हलवावं. सरोवराकाठच्या पार्कमध्ये जागा आहे, हलवण्याचा खर्च रेल्वे देईल, आणि मोकळ्या झालेल्या जागी गावाच्या सोयीसाठी जादा पार्किंग करून देईल.

टाळ्यांचा कडकडाट झाला. मीही वाजवल्या. शेजारच्या सगळ्यांचे हात चालू असले की आपलेही चालू लागतात. बोंद्रे तेवढे लॅपटॉप बंद करून बसून राहिले. "ताई, आपण जिंकलो का हरलो हे?" त्यांनी हळूच विचारलं.

माझ्या बाबतीत रेल्वेचं एकमत झालं नाही. सेफ्टी खात्याने मला प्रशस्तिपत्र दिलं आणि मालमत्ता खात्याने लेखी ताकीद. दोन्ही एकाच दिवशी, एकाच पाकिटातून आली. पॅट्रिकनी प्रशस्तिपत्राची फ्रेम करून आणली. ताकिदीचीही करावी असं माझं म्हणणं होतं.

स्टेशन हललं ते मे महिन्यात. चिमणी उतरवली, खाली पोलादी तुळया घातल्या, अख्खी इमारत उचलून लांबलचक ट्रेलरवर ठेवली. पुढे माणसं काठ्यांनी विजेच्या तारा वर धरत होती. गाव लॉन चेअर घेऊन, कॉफीचे ग्लास घेऊन रस्त्याच्या दोन्ही कडांना बसलं होतं. एवढं आयुष्य लोकांना प्रवासाला पाठवणारं ते स्टेशन पहिल्यांदाच स्वतः प्रवासाला निघालं होतं, आणि चौकातल्या सिग्नलच्या खांबापाशी अडकून उशिरा पोचलं. पडवीखालून माझी पितळी खिडकी रस्त्याने जाताना दिसली. डोळ्यांत पाणी आलं, आणि बोंद्र्यांच्या मुलीने मला विचारलं, "आर यू ओके, आंटी?" मी म्हटलं, धूळ गेली.

केबिनही गेली. तिच्या जागी मशीन आलं. मला ओकव्हिलच्या मोठ्या स्टेशनवर बदली मिळाली आणि तिथून मी निवृत्त झाले. पार्कमधल्या स्टेशनात आता उन्हाळ्यात चहा आणि स्कोन मिळतात. लग्नाचे फोटो काढायला जोडपी येतात. समितीने मला विचारलं होतं, की जुन्या पद्धतीचा झगा घालून खिडकीत बसाल का, रविवारी दुपारी, हौस म्हणून. मी सांगितलं, इंटरेस्टिंग.

गेल्या जानेवारीत मला टोरांटोला डेंटिस्टकडे जायचं होतं. शेल्टरमध्ये गेले तर कोपऱ्यात मिस व्हिटकम उभ्या. हातात काठी, कोटाची कॉलर कानापर्यंत. डोळ्यांत दोष निघाल्यामुळे त्यांचं लायसन्स काढून घेतलं होतं, आणि दर काही आठवड्यांनी डोळ्यांत इंजेक्शन घ्यायला त्यांना टोरांटोला जावं लागत होतं. हे त्यांनी हवामानाबद्दल बोलावं तसं सांगितलं. त्यांनी हीटरचं बटण दाबलेलं होतं. दिवा लागला होता.

माझ्याकडे त्यांना ऐकवण्यासारखी बरीच वाक्यं होती. काही तर भांडी घासताना मी घोटून ठेवली होती. पण त्यांचे ओठ निळे पडले होते, आणि तो रंग मी एकदा जवळून पाहिला होता. मी वाऱ्याच्या बाजूला उभी राहिले आणि माझा स्कार्फ त्यांना दिला.

त्यांनी तो घेतला. मग तो गळ्याभोवती गुंडाळत म्हणाल्या, "ते पाडणार होते, सेलिन. त्या सभेच्या आधीपासून प्लॅन तयार होता. आपण हलवलं नसतं, तर आज ते कुठेच नसतं."

हे खरं होतं. रेल्वेच्या ऑफिसात मीही ते ऐकलं होतं. आमच्या पुढचं स्टेशन तसंच गेलं, एका शनिवारी, दुपारच्या आत. तिथे आता गुळगुळीत डांबर आहे. मी त्यांना म्हटलं, की तुम्ही ते वाचवलंत, यात शंका नाही.

त्यांनी माझ्याकडे नीट बघायचा प्रयत्न केला, मी कुठल्या अर्थाने म्हणते आहे ते कळावं म्हणून. मलाही ते ठरवता आलं नव्हतं. समोरच्या बोर्डवरची अक्षरं त्यांना दिसत नव्हती. मी वाचून सांगितलं, गाडी लेट आहे. कारण त्यांनी विचारलं नाही, तरी मी खालच्या आवाजात सांगितलं, तांत्रिक आहे.

"इतक्या थंडीत लोक इथे उभे तरी कसे राहतात?" त्या म्हणाल्या. ही अडचण जगात आजच निघाली असावी, अशा कळकळीने म्हणाल्या.

गाडी आली. मी त्यांना हात धरून चढवलं, आणि दार लागल्यावर गरम हवा लागली तशी त्यांची पाठ पुन्हा ताठ झाली. जागेवर बसून स्कार्फची नीट घडी करत त्यांनी मला शब्द दिला, की प्रवाशांसाठी एखादी बंद खोली हवी, हा मुद्दा त्या समितीपुढे नक्की मांडतील. त्यांच्या बोलण्यात कुठेही खोट नव्हती. समितीची पुढची बैठक जूनमध्ये होती.